आत्याचा अल्बम आणि घरचा फ्रिज

आमच्या आत्याला दोन गोष्टींचा मनापासून तिटकारा. एक, पडद्याचं माप स्वतःच घेऊन येणारं गिऱ्हाईक. दोन, स्वतःच्या स्वयंपाकघरातला फ्रिज. गिऱ्हाइकाला ती तोंडावर मूर्ख म्हणायची आणि फ्रिजला जाता-येता लाथ घालायची.

तिचा नवरा, म्हणजे आमचे आतोबा, फ्रिज दुरुस्त करतात. आसपासच्या गल्ल्यांतले सगळे फ्रिज त्यांनी गप्प केलेत. घरचा मात्र दिव्याखाली अंधार. मागून अशी घरघर यायची, की नवख्या पाहुण्याला वाटावं, आत कोणीतरी झोपलंय. आत्या रोज ओरडायची, "अहो, या मेल्याचं काहीतरी करा!" आणि आतोबा पेपरातून मान न काढता म्हणायचे, "उद्या बघतो." हा उद्या माझ्या लहानपणापासून येतोय.

आत्या पडदे आणि सोफ्याची कव्हरं शिवते आणि उरलेल्या वेळात गिटार वाजवते. लग्न होऊन आली तेव्हा हातात ती लांबलचक पेटी बघून सासूबाईंना वाटलं, सूनबाई इस्त्रीचं टेबल घेऊन आली, गुणाची दिसते. पेटी उघडल्यावर तो गैरसमज कायमचा मिटला. आत्या वाजवते ते सगळं तिचं स्वतःचं. नावंही तिनेच दिलेली: 'चुकलेलं माप', 'उसवलेली गादी', 'सासूबाई झोपल्यावर'. ऐकायला आम्ही घरचेच, तेही जेवण होईपर्यंत पळून जाता येत नाही म्हणून.

मग तिचा उजवा अंगठा दुखायला लागला. जन्मभर जाड कापडावर कात्री चालवलेली. मुळाशी सांधा झिजला. डॉक्टर म्हणाले, सांधा कायमचा जोडून टाकू, दुखणं थांबेल, पण अंगठा पूर्वीसारखा वळणार नाही. दवाखान्यातून आत्या थेट माझ्याकडे आली आणि चपला न काढताच म्हणाली, "अल्बम करायचा. ऑपरेशनच्या आधी."

"ऐकणार कोण, आत्या?"

"मी ऐकणार. नंतर मला कोण वाजवून दाखवणार आहे, तू?"

मला गिटारमधलं ओ की ठो कळत नाही, पण माझ्याकडे लॅपटॉप होता. या घराण्यात तेवढ्यावर माणूस तज्ज्ञ ठरतो.

स्टुडिओ परवडण्यासारखा नव्हता. बाहेरच्या खोलीत रस्त्यावरचे ट्रक ऐकू यायचे, म्हणून स्वयंपाकघर ठरलं. भिंतींवर, खिडकीवर, भांड्यांच्या मांडणीवर आत्याने पडद्यांचे सगळे नमुने टांगले. मखमल, फुलाफुलांचं कापड, एका हॉटेलवाल्याने नापसंत केलेलं भडक जांभळं. ओटा लग्नघरासारखा सजला. जुन्या बाजारातून आणलेला माइक मी झाऱ्याला बांधला आणि झारा स्टुलाला. मग चार व्हिडिओ पाहून आलेल्या ज्ञानाच्या जोरावर मीच म्हणाले, "आता फ्रिज बंद करायला लागेल."

"आत दूध आहे," आत्या म्हणाली. विषय संपला.

काम झकास चाललं. अंगठा ठणकायचा, ती दातओठ खायची, शिव्या द्यायची, पण वाजवायची. एकच खोड होती. मध्येच कधीतरी गिटार बाजूला ठेवून म्हणायची, "चला, चहा." फ्रिज चालू होऊन बंद पडला, की नेमकी तेव्हाच तिला चहाची तल्लफ यायची. मला वाटलं, दमते बिचारी. अर्धा अल्बम असाच चहावर झाला.

आणि मग आतोबांना प्रेमाचा उमाळा आला. आत्या एका गिऱ्हाइकाकडे माप घ्यायला गेली होती. यांनी आपलं दुरुस्तीचं दुकान बंद ठेवलं, फ्रिज ओढून भिंतीपासून पुढे घेतला, कॉम्प्रेसरखालची कडक झालेली जुनी रबरं काढून नवी बसवली, मागचा पत्रा आवळला. आत्या आली तेव्हा ते फ्रिजशेजारी नवरदेवासारखे उभे होते. फ्रिज चालू होता आणि चक्क ऐकू येत नव्हता.

आत्याचे डोळे भरून आले. "अहो, बंद पडला की काय?" म्हणाली.

"चालू आहे. तुझ्या रेकॉर्डिंगला त्रास नको म्हणून..." आतोबा लाजले. इतक्या वर्षांत मी त्यांना लाजताना पहिल्यांदाच पाहिलं, आणि फार काही बघण्यासारखं नव्हतं ते.

दुसऱ्या दिवशी आत्या वाजवायला बसली आणि काही केल्या जमेना. सूर लागेना. माझ्या फोनवर सूर जुळवायचं अॅप होतं, त्यात हिरवा दिवा लागत होता, ती म्हणाली, "त्या फोनला काय कळतंय?" मग तारांना नावं ठेवली. मग तारा विकणाऱ्याला. मग मला, मी जोरात श्वास घेते म्हणून. रोज हेच. ऑपरेशन जवळ येत चाललं होतं. एका संध्याकाळी तिने गिटार पेटीत ठेवली, कड्या लावल्या आणि म्हणाली, "हात गेला माझा. आधीच गेला." एवढी तोंडाळ बाई, पण हे इतकं हळू म्हणाली की मला रडूच आलं.

तिला जरा बरं वाटावं म्हणून मी आधीचं 'उसवलेली गादी' लावलं. स्वयंपाकघर भरून गेलं. आत्याने मान वर केली.

"हा खालचा सूर कोणी धरलाय?"

"तूच की."

"मी नाही. थांब, परत लाव."

परत लावलं. तिने गिटार काढली आणि सोबत वाजवायला लागली. मी पहिल्यांदाच तिच्या अंगठ्याकडे नीट पाहिलं. तो जाड तारेपर्यंत यायचा, थबकायचा आणि तसाच मागे जायचा. किती वर्षं हे असं चाललं होतं कोण जाणे. जिथे दुखत होतं तिथे अंगठ्याने हळूहळू जाणंच सोडलं होतं, तिच्याही नकळत. आणि तरी लॅपटॉपमधून तो सूर येतच होता, जाडजूड, एकसारखा, घरघरणारा.

कोपऱ्यात पेपर वाचत बसलेल्या आतोबांसकट आम्ही तिघांनीही फ्रिजकडे पाहिलं. फ्रिज गप्प होता.

आतोबांनी पेपराची घडी घातली आणि म्हणाले, "बिघडवतो."

दुरुस्त करणं सोपं, पण बिघडवायचा तोही नेमका पूर्वीसारखाच, हे काम त्यांनी कधी केलेलं नव्हतं. जुनी रबरं कचऱ्याच्या गाडीतून केव्हाच गेली होती. ते बॅटरी घेऊन फ्रिजमागे आडवे झाले. आत्या गिटार मांडीवर घेऊन समोर बसली. त्यांनी रबरांऐवजी पुठ्ठा घातला.

"अहो, हा आपला नव्हे. शेजाऱ्यांचा वाटतो."

लाकडाची चकती घातली. "हा तर खोकतोय." पत्रा सैल केला. "जवळ आलात. जरा खाली." शेवटी आतोबांनी आपल्या नव्या चपलेची टाच कापली. घरातल्या कापायच्या गोष्टींत आत्याची भारीची कात्री होती, तीच वापरली, आणि आत्या चक्क काही बोलली नाही. टाचेचे तुकडे कॉम्प्रेसरखाली गेले, एक नट अर्धा फिरला आणि घरघर सुरू झाली. आत्याने तार छेडली. दोन आवाज एकमेकांत असे मिसळले की कुठला कोणाचा, सांगता येईना.

"थांबा! आता हात लावू नका!"

आतोबा तसेच, एक हात फ्रिजखाली ठेवून, पडून राहिले.

पुढचं काम मग घाईत झालं. फ्रिज मध्येच बंद पडू नये म्हणून आतोबा आत गरम पाण्याची पातेली ठेवायचे. फ्रिज बिचारा ती गार करायला धापा टाकत राहायचा. दूध नासलं, कोणाला फिकीर नव्हती. अल्बममधली शेवटची चीज ऑपरेशनच्या आदल्या दिवशी झाली. ती संपायच्या जरा आधी फ्रिजने आचका दिला आणि तो थांबला. आत्या थांबली नाही. उरलेलं तिने एकटीने वाजवलं, खालचा सूर सोडून. मी ते कापलेलं नाही.

ऑपरेशन ठीक झालं. अंगठा दुखत नाही. कात्री चालते, गिटार नाही. पेटी शिलाई मशीनखाली असते आणि आत्या तिच्यावर पाय ठेवून शिवते. आपल्या पडद्यांच्या दुकानात अल्बम लावून ठेवते. परवा एका गिऱ्हाइकाने विचारलं, "गिटार तुमची, पण मागे ते दुसरं कोण वाजवतंय?"

"आमचे हे," आत्या म्हणाली.

फ्रिज अजून घरघरतो. त्या रात्री जेवताना ती बराच वेळ त्याच्याकडे बघत बसली. मग म्हणाली, "अहो, आता करून टाका तो नीट. आता कशाला हवाय तो आवाज?"

आतोबांनी पेपर आणखी वर धरला.

"उद्या बघतो," म्हणाले.