रस्त्यापलीकडची विहीर

आमची राजधानी म्हणजे नंदुरबार. कोर्टातला शिपाई, जिनिंगमधले मजूर, हायस्कुलातली पोरं, सगळी रोज तिकडे जाऊन-येऊन करायची. साठ सालाच्या आसपास आमचा गाडरस्ता रुंद झाला, त्यावर डांबर पडलं, मोटारी वाढल्या. गावाला वाटलं, नंदुरबार आता अंगणात आलं. अंगणात खरोखर आला तो रस्ता. घर अलीकडे राहिलं, पाण्याची विहीर पलीकडे गेली. मापं घेणाऱ्यांनी बायकांना काही विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी आम्ही तोंड उघडलं नसतं.

सगळ्यांत खूश झाले माझे सासरे. सकाळचा चहा झाला की ओट्यावर खाट टाकून मोटारी बघत बसायचे. कुठली एसटी उशिरा आली, कुठल्या ट्रकात कापूस, कुठल्यात केळी, सगळं त्यांना तोंडपाठ. हौस त्यांची आणि शिक्षा आमची. ते समोर असले की आम्हा दोघी सुनांचा पदर हनुवटीखाली. डोक्यावर दोन घागरी, डोळ्यांपुढे लुगडं. दिसायची ती आपलीच पावलं. रस्ता आम्ही कानांनी ओलांडायचो.

सासरा सुनेशी बोलत नसे, तो खाकरायचा. खाकरणं ऐकू आलं की असशील तिथं थांबायचं, पाठ फिरवायची आणि पदर आणखी ओढायचा. नवी नवरी आधी हे शिकायची, मग चूल. माझी थोरली जाऊ भांडी घासताना सासऱ्यांच्या खाकरण्याची अशी नक्कल करायची की मी खरंच पदर ओढायचे, आणि ती राखेच्या हातानं तोंड दाबून हसायची. त्या घरात माझे दिवस निघाले ते तिच्यामुळे.

एकदा एसटी तिच्यापासून हातभर अंतरावर थांबली. त्या दिवशी ती हसली नाही. सासूला म्हणाली, खाट मागच्या अंगणात टाकायला सांगा, नाहीतर आमच्यातली एखादी जाईल. सासूनं भीतभीत निरोप पोचवला. सासरे आम्हाला ऐकू येईल अशा बेतानं सासूलाच म्हणाले, "मी रस्ता देखाले बठस, सुनासले नही."

विषय तिथंच मिटला. खाट होती तिथंच राहिली.

कापसाचा हंगाम होता. जाऊ भरल्या घागरी घेऊन घराकडे पुढे निघाली. मी विहिरीच्या कठड्याआड दोर ओढत होते, त्यामुळे माझा पदर मागे होता. वळणावरून कापसानं फुगलेला ट्रक आला. वारा उलटा होता, त्याचा आवाज आमच्यापर्यंत आलाच नाही. आधी पाहिला तो सासऱ्यांनी. ते खाटेवरून उठले, त्यांनी हात वर केला. हाक मारायची तर सुनेला मारावी लागणार, आणि तशी त्यांनी उभ्या जन्मात मारली नव्हती. ते खाकरले. जोरात खाकरले, पुन्हा पुन्हा खाकरले.

जाऊ रस्त्याच्या मधोमध थांबली. तिनं त्यांच्याकडे पाठ केली, एका हातानं घागरी सावरल्या आणि दुसऱ्या हातानं पदर ओढला. तिचं तोंड आता माझ्याकडे होतं, पण पदरात. मी किंचाळले तोवर ट्रक तिच्यावर आला होता.

गावानं तिचं फार कौतुक केलं. मर्यादेची सून, मरतानाही पदर ढळू दिला नाही म्हणे. आग लागो असल्या कौतुकाला. तिच्यासारखं हसणारं माणूस मला पुन्हा भेटलं नाही.

तिचे दिवसकार्य झाल्यावर मी पाण्याला निघाले. ओट्यावर खाट नव्हती. सासरे स्वतः रस्त्याच्या कडेला येऊन उभे होते.

"थांब बेटी, मोटर ई ऱ्हायनी."

माझ्याशी ते पहिल्यांदाच बोलत होते. मोटार अजून पार वळणाशी होती. खणखणीत आवाज होता त्यांचा, विहिरीच्याही पलीकडे ऐकू गेला असता.