तिसरी हाक

सुषमाताई एका हाकेत कधी वळायची नाही. सीताबर्डीच्या आमच्या ऑफिसात माझा पहिला दिवस होता. मी "ताई" म्हटलं, ती स्क्रीनकडेच बघत राहिली. पुन्हा म्हटलं, तरी ढिम्म. बाई शिष्ट दिसतेय, असं मनात म्हणून मी जरा चिडूनच तिसऱ्यांदा हाक मारली. लगेच खुर्ची वळवून ती हसली. "ओ! बोल वं. दोनदा कोणीही बोलावते. तिसऱ्यांदा बोलावते ते माणूसच असते."

रामटेकजवळच्या तिच्या गावात म्हणे सगळे असंच वागतात. पहिल्या किंवा दुसऱ्या हाकेला ओ दिली तर हाक मारणारं जे काही असेल ते आपल्याला घेऊन जातं, अशी तिथली समजूत. मोबाइलवरच्या खेळांची रचना करणारी, चांगली शिकलेली बाई हे मानते, याची मला गंमत वाटायची. मी तिला खूप चिडवायचे. ती रागवायची नाही, पण तिसऱ्या हाकेआधी वळायचीही नाही. मला ती फार आवडायची.

आम्ही तेव्हा घरगुती समारंभात खेळायचं एक ॲप करत होतो. फोन मधोमध ठेवायचा. तो एकेकाचं नाव पुकारतो. ज्याचं नाव येईल त्यानं "ओ" म्हणून फोन उचलायचा आणि पडद्यावर सांगितलेली नक्कल करून दाखवायची. पाच सेकंदांत ओ आली नाही तर माणूस बाद. खेळताना लोकांचं कुठे अडतं हे शोधणं सुषमाताईचं काम. त्यासाठी ती पडद्याकडे बघतच नसे, माणसांकडे बघायची.

एका डोहाळजेवणाला आम्ही तो खेळवून पाहिला. फोननं "सिंधू" म्हटलं, आणि सत्तरीच्या सिंधूआजी मांडीवरचे हात घट्ट धरून बसल्या. आजी बाद झाल्या, त्यांच्यामागून आणखी दोघी.

"म्हाताऱ्या माणसांना नाही जमत," साहेब दुसऱ्या दिवशी म्हणाले. "हळू असतात."

"हळू नाही ना सर, सावध आहेत," सुषमाताई म्हणाली. "त्यायले तीन हाका द्या, मग पाहा."

तीन हाका ठरल्या, आवाजही तिचाच ठरला. सामानाच्या खोलीत भिंतींना गोधड्या लावून ती नावं पुकारायला बसली, आणि समोर मी, कानांना हेडफोन लावून. एकच हाक तीनदा जोडून टाकू, ही माझी सूचना तिनं उडवून लावली. तिची पहिली हाक लांबून आल्यासारखी यायची, दुसरी अंगणातून, तिसरी अगदी कानाशी. प्रत्येक तिसऱ्या हाकेनंतर ती थांबून दाराकडे बघायची.

"थांबतेस कशाला, ताई? ढीगभर नावं राहिलीत."

"हाक मारल्यावर वाट नाही पाहायची, तर मारायची काहून?"

त्या खोलीचं एकुलतं एक दार माझ्या पाठीशी होतं. वळून बघायचं मी टाळायचे. नावं संपल्यावर नाती आली. बाबा, आत्या, मावशी. "आई"च्या वेळी मात्र ती भिंतीकडे तोंड करून बसली.

पुढे काही महिन्यांनी ती तापाचं निमित्त होऊन दवाखान्यात पडली. आठव्या दिवशी मी भेटायला गेले. भर दुपार होती, ती डोळे मिटून पडलेली. मी दारातूनच हळू आवाजात "ताई" म्हटलं.

"ओ," ती म्हणाली. पहिल्याच हाकेला.

माझा पाय उंबऱ्यातच अडकला. तिनं डोळे उघडले, पण माझ्याकडे पाहिलं नाही, खिडकीकडे पाहिलं. "आली मी, आली," ती म्हणाली. मी बाहेर येऊन तिच्या घरच्यांना सांगितलं, ताई बोलतेय, आता बरी आहे. असं का सांगितलं, मला अजून कळत नाही. दोन दिवसांनी ती गेली.

तीन हाकांना कंटाळून लोक खेळ अर्ध्यावर सोडतात, असं नंतर दिसू लागलं. साहेबांनी तिसरी हाक काढायला सांगितली. ती मी काढली. दुसऱ्या कोणी नाही, मीच. आवाज मात्र सुषमाताईचाच ठेवायचा होता, म्हणून तिच्या आईची परवानगी घ्यायला मी त्यांच्या गावी गेले.

आई ओसरीवर तांदूळ निवडत बसली होती. मी फोन तिच्यासमोर ठेवला आणि खेळणारे म्हणून "आई" आणि माझं नाव लिहिलं. "आई," हाक लांबून आली. तांदळातली बोटं थांबली. "आई," हाक अंगणातून आली. मग पडद्यावर अक्षरं उमटली, "आई बाद".

तिचं तिकडे लक्षच नव्हतं. ती फाटकाकडे बघत होती. मग म्हणाली, "आणखी एक राहिली ना वं, पोरी?"

खरं सांगायची माझी हिंमत झाली नाही. "हो," मी म्हटलं.

"मग थांबते मी. सुषमा तिसरी मारल्याबिगर राहत नाही."

आवाजाला तिनं होकार दिला. आता दर आठ-पंधरा दिवसांनी तिचा फोन येतो. "आली का वं?" ती तिसरी हाक माझ्या लॅपटॉपवर आहे. पाठवायला मिनिटभरही लागणार नाही. दोनदा मी पाठवायला बसलेही. पण कानाशी आलेली ती हाक ऐकली की आई ओ देईल आणि उठून निघेल, याची मला खरोखर भीती वाटते.

"अजून नाही, आई," मी म्हणते.

"बरं," ती म्हणते. "मी बसूनच आहो."