उघडे तळहात

विन्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात मीटिंगमध्ये होतो. झोपेतच हार्ट अटॅक. "बरं," म्हणालो, फोन ठेवला आणि उरलेली मीटिंग पूर्ण केली. मिनिट्ससुद्धा लिहिले. पाच आठवडे झाले, अजून रडू आलेलं नाही…

विनायक नाशिकचा, कॉलेजात कबड्डी गाजवलेला. कतारला दोह्यात आम्ही एकाच कंपनीत इंजिनीअर आणि अल गराफा भागात शेजारी. तिथल्या शाळेच्या मैदानावर ऑफिसातल्या एका अमेरिकन साहेबाने हौशी लोकांचा अमेरिकन फुटबॉल सुरू केला आणि विन्याचे खांदे बघून त्याला लगेच उचललं. माझे गुडघे गेलेले, म्हणून माझ्या गळ्यात रेफ्रीची शिट्टी आली. विन्याचं काम ब्लॉकिंगचं. चेंडू घेऊन पळणाऱ्या आपल्या गड्यासाठी समोरच्याला ढकलून वाट करून द्यायची. उघड्या तळहातांनी छातीवर रेटा दिलेला चालतो. पाठीत ढकललं किंवा जर्सी पकडली की गुन्हा. आता चढाईला आलेल्याची कंबर धरण्यातच ज्याचं तरुणपण गेलं, त्याची बोटं आपोआप मिटणारच. पहिल्या सीझनला मी इतक्यांदा फाउलचा पिवळा रुमाल टाकला की तो स्वतःच म्हणायचा, "यल्ला, चल, काढ रुमाल." मग घरी फ्रिजला तळहात लावून सराव सुरू झाला. त्याची बायको, मेधावहिनी, वैतागायच्या, कारण फ्रिज रोज वीतभर सरकलेला असायचा.

या सीझनच्या शेवटच्या मॅचला विन्याने वाट काढली, त्याच्या संघाचा गडी चेंडू घेऊन थेट शेवटच्या रेषेपार गेला आणि मी रुमाल टाकला. टचडाउन रद्द. ते हरले. "हात उघडे होते रे," एवढंच तो म्हणाला. "विन्या, मी तुला ओळखत नाही का?" मी सगळ्यांसमोर हसत म्हणालो, आणि सगळेच हसले. दुसऱ्या दिवशी त्याने व्हिडिओ पाठवला. मी तो उघडलाच नाही. रेफ्री मी, निर्णय दिला, खलास. पुढचे दोन आठवडे पार्किंगमध्ये नुसती मान हलवणं चाललं, आणि मग तो फोन आला.

परवाच्या शुक्रवारी व्हिडिओ उघडला. दोन्ही तळहात समोरच्याच्या छातीवर सपाट, बोटं शेवटपर्यंत सरळ. मी उभा होतो तिथून त्याची फक्त पाठ दिसत होती. हात मी पाहिलेच नव्हते. समोरच्या नव्हे, माझ्या ओळखीच्या जुन्या विन्यावर मी रुमाल टाकला होता. मला माझी लाज वाटली. पाच आठवड्यांत काही वाटलं ते एवढंच.

तसाच उठून वहिनींकडे गेलो. त्या नाशिकला परतायची बांधाबांध करत होत्या.

"त्याने पकडलं नव्हतं, वहिनी. माझी चूक झाली."

"माहितीये, भाऊजी. व्हिडिओ मीच काढला होता." त्या खोक्याला चिकटपट्टी लावत राहिल्या. "हे म्हणायचे, तू त्याला काही बोलू नकोस. तो बघेल आणि येईल आपणहून. रोज संध्याकाळी दाराची कडी काढून बसायचे."

मी दाराकडे पाहिलं. मघाशी मी बेल वाजवलीच नव्हती. दार नुसतं लोटलेलं होतं.