गाठीचं मूळ

काल ग्रहण बघायला मुलीने माळ्यावरून जुनी एक्स-रे फिल्म काढली. त्याने डोळे बिघडतात, म्हणून मी ती हातातून घेतली, तर कोपऱ्यात आईचं नाव दिसलं आणि लातूरच्या दवाखान्यातला तो लाकडी बाक आठवला.

आईच्या मानेत कॅन्सरची गाठ होती, शरीरात दुसरीकडून पसरून आलेली. कॅन्सर मुळात कुठे सुरू झाला, हे तीन आठवड्यांत चार तपासण्या करूनही सापडलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, "कधीकधी सापडतच नाही. उपचार सुरू करू," आणि संमतीचा कागद माझ्यापुढे ठेवला. मी क्लासमध्ये गणित शिकवायचो; पहिली पायरी नसली की मार्क कापायचो. म्हणालो, "आधी हैदराबादला दाखवू, मूळ शोधू."

आई हसली. "आरं मास्तर, भूकंपात शेजारच्या काकूला दगडाखालून काढलं, तवा भूकंप कुठून निघाला ते इचारत बसलो का आपण? कर सही."

मी सही केली. मूळ शेवटपर्यंत सापडलं नाही. तेव्हा वाटलं होतं, आपण गणित अर्धवट सोडवतोय. आई त्यानंतर अडीच वर्षं जगली. माझी ही मुलगी आजीचं बोट धरून चालायला शिकली, ती त्याच अडीच वर्षांत.