पत्राखालचा बिल्ला नंबर

चोरून लिहिलेल्या पत्राखाली स्वतःच्या नवऱ्याचा बिल्ला नंबर घालणारी बाई अख्ख्या अंबरनाथात एकच झाली असेल, आणि ती मी. नाव खोटं घातलं, वय चार वर्षांनी कमी केलं, आणि शेवटी पत्ता लिहिताना हात आपोआप वळला. क्वार्टर नंबर, लाईन, आणि खाली २१०७. चोराने चोरी करून उंबऱ्यावर स्वतःचं रेशनकार्ड ठेवून जावं, तसं.

आमच्या कॉलनीत राहिलेल्यांना हे कळेल. हे कारखान्यात होते, आणि कॉलनीही कारखान्याचीच. एका लाईनीत एकाच आडनावाची चार घरं, त्यामुळे पोस्टमन नाव वाचायचाच नाही, नंबर बघायचा. नळ गळतो म्हणून तक्रार असो नाहीतर शाळेचा फॉर्म, खाली नवऱ्याचा नंबर. ह्यांच्या जेवणाच्या डब्यावरसुद्धा नावाऐवजी तोच घालून घेतलेला. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी आधी मला तो नंबर पाठ करायला लावला, मग मिठाची बरणी कुठे असते ते दाखवलं.

पत्र होतं एका पॉप गायिकेला. तेव्हा तिची कॅसेट प्रत्येक टपरीवर वाजायची. केस कानापर्यंत कापलेले, अंगात चंदेरी जॅकेट. तसलं जॅकेट पंधरा दिवसांत उल्हासनगरच्या दुकानांत लटकायला लागलं. मीही एक आणलं आणि ट्रंकेत शालूखाली दडवलं. घालणार कुठे? नळावर पाणी भरायला? एकदा रेडिओवर ती म्हणाली, माझ्यामागे कोरसला नव्या मुली हव्यात, धीट हव्यात. मी धीट होते ती फक्त नळावरच्या भांडणात. पण त्या दुपारी हे सेकंड शिफ्टला गेलेले, आठ महिन्यांची मुलगी सकाळपासून रडून रडून आत्ता कुठे झोपलेली, आणि मी तेवीस वर्षांची शहाणी वहीचं मधलं पान फाडून लिहायला बसले.

त्यात थापा पुष्कळ होत्या. पण एक अशी होती की आज लिहितानाही पेन थांबतं. मी लिहिलं होतं, मला मूलबाळ नाही. आणि ते मूल माझ्या मांडीला टेकून झोपलं होतं.

पत्र पेटीत टाकून घरी आले, कुकर लावला, आणि पहिल्या शिट्टीला नंबर आठवला. पुढचे दोन महिने पोस्टमनच्या सायकलची घंटी ऐकली की मी हातातलं टाकून सासूबाईंच्या आधी दार गाठायचे. उत्तर आलं नाही. मी देवापुढे साखर ठेवली आणि मोरीत जाऊन रडलेही. दोन्ही एकाच दिवशी.

हे सगळं मी विसरले होते, म्हणजे विसरल्यासारखं वागायला शिकले होते. आता मी बदलापूरला बेलवलीत मुलीकडे राहते. हे गेले, क्वार्टर सुटली, तेव्हा मला घेऊन आली ती. माझ्या गोळ्या डबीत वारांप्रमाणे भरून ठेवते. आणि बिल्डिंगमधल्या बायकांना सांगत असते, "आमच्या आईने माझ्यापायी सगळी हौसमौज सोडली हो." बायका माझ्याकडे आदराने बघतात. मी मान खाली घालते. त्यांना तो विनय वाटतो.

मागच्या हिवाळ्यात नात कॉलेजमधून आली आणि चपला काढता काढता म्हणाली, "आजी, आम्हाला नवीन पेपर लागलाय. एका पॉप गायिकेचा समाजावर काय परिणाम झाला, त्यावर."

"आणि त्याला मार्क मिळतात?"

"शंभर!"

"आमच्या वेळी तिचं गाणं मोठ्याने लावलं की सासू वायर ओढायची. तिला प्रोफेसर करायला हवं होतं."

नात हसली. मीही हसले. मग तिने गायिकेचं नाव सांगितलं, आणि माझं हसू तोंडातच राहिलं.

"तिच्या घरच्यांनी माळा साफ केला ना, तर लोकांच्या पत्रांची पोतीच्या पोती निघाली. सगळी युनिव्हर्सिटीला दिली त्यांनी. आता प्रत्येकाला तीस-तीस पत्रं. वाचायची, टाईप करायची, कोण लिहितंय, काय मागतंय ते शोधायचं. मॅम म्हणतात, बायकांनी घरात कुणालाच न सांगितलेलं त्यात लिहिलंय." मग दप्तर फेकून म्हणाली, "आणि मी मुद्दाम आपल्या भागातली मागून घेतलीत. अंबरनाथची चार आहेत."

मी "अगं बाई" म्हटलं आणि हातातली लसणाची पाकळी सालीसकट तोंडात टाकली.

त्या रात्री मी हिशोब केला तो भीतीचा. नाव खोटं, ते ठीक. अक्षर? चाळीस वर्षांत हात थरथरायला लागला, तेही ठीक. राहिला नंबर. आणि तो नंबर होता घरातच, ह्यांच्या तीन पुडांच्या डब्यावर. वडलांची आठवण म्हणून माझी मुलगी रोज तोच डबा घेऊन ऑफिसला जाते. सकाळी भाजी भरते, रात्री घासून पालथा घालते. म्हणजे माझ्याविरुद्धचा पुरावा रोज माझ्या डोळ्यांसमोर निथळत असायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी डबा सापडेना. सापडणार कसा? तो माझ्या पलंगाखाली गोधडीत होता.

"आई, डबा कुठाय?"

"घासायला काढलाय."

"मी कालच घासलाय."

"मग चिंचेने घासायचाय."

ती प्लास्टिकचा डबा घेऊन गेली. मी साडी बदलली, पिशवीत डबा घातला आणि उल्हासनगर गाठलं. बदलापुरात भांड्यांची दुकानं आहेत, पण तिथे मला चारजण ओळखतात. उल्हासनगरात मुलीचं ऑफिस आहे हे मला गाडीत बसल्यावर आठवलं. म्हणजे तेवीसची असताना जी अक्कल होती, ती मी अजून जपून ठेवली आहे. भर उन्हात डोक्यावर पदर ओढून मी बाजारातून अशी चालले की एका बाईने मला मंदिराचा रस्ता विचारला.

एका सिंधी काकांच्या दुकानात भांड्यांवर नावं घालायचं मशीन घरघरत होतं. मी डबा पुढे केला.

"क्या नाम डालना है, अम्मा?"

"डालना नाही, निकालना है. ये नंबर."

त्यांनी चष्मा वर केला. डबा फिरवून बघितला. "अम्मा, चालीस साल से बैठा हूँ. नाम डालते हैं. निकालते नहीं."

"थोडा घासके?"

"घासेंगे तो सब पूछेंगे, क्या मिटाया."

मी डबा पिशवीत टाकला आणि परत आले. रस्त्यात लांबून कुणी पंजाबी ड्रेसमधली बाई दिसली की मुलगीच वाटून मी टपरीआड व्हायचे. मला भीती मुलीच्या रागाची नव्हती. रागावली असती तर मीही चार शब्द बोलले असते, ते मला जमतं. भीती होती की ती काहीच बोलणार नाही. गोळ्या डबीत भरत राहील, आणि बायकांना ते वाक्य सांगायचं बंद करेल.

संध्याकाळी मुलगी मेथी निवडत होती, नात टेबलावर लॅपटॉप उघडून बसली होती. मी मेथीच्या काड्या गोळा करत होते. माझं तोंड भिंतीकडे.

"आई, ऐक ना, हे एक भारी आहे," नात म्हणाली आणि वाचायला लागली. "'ताई, मी एकोणीस वर्षांची आहे. माझा आवाज तुमच्यासारखा आहे असं सगळे म्हणतात. माझ्यामागे कोणी नाही. नवरा नाही, मूलबाळ नाही. बोलावलंत तर त्याच दिवशी निघेन. चंदेरी जॅकेट माझं मी आणीन.'"

चाळीस वर्षांनी माझंच पत्र माझ्या नातीच्या आवाजात ऐकलं. सगळे म्हणतात म्हणे! सगळे म्हणजे मी आणि आरसा.

"बिचारी," मुलगी म्हणाली. "अनाथ असेल."

मला काडी टोचली, एवढंच मी दाखवलं.

"पण हे काय ते कळत नाही. क्वार्टर, लाईन, मग एकवीसशे सात. पिनकोड एवढा छोटा असतो का?"

मुलीचा हात मेथीवर थांबला. तिने लॅपटॉप आपल्याकडे वळवला. स्क्रीनवर मूळ पत्राचा फोटो होता, माझ्या अक्षरातला. माझं तेव्हाचं अक्षर तिच्या शाळेच्या प्रगतिपुस्तकांवर होतं, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी नुसती डब्यामागे धावत होते.

"आई," ती म्हणाली, "डबा आण."

मी पिशवीतून काढून टेबलावर ठेवला. ठेवताना तिन्ही पुडं वाजली. नातीने नंबर बघितला, स्क्रीन बघितली, मला बघितलं.

"आजी, तू?" ती किंचाळलीच. "अख्ख्या वर्गात कुणालाच पत्र लिहिणारी बाई जिवंत सापडली नाहीये! तू वर्गात येशील? जॅकेट आहे अजून?"

मी तिच्याकडे बघितलं नाही. मुलगी उठून स्वयंपाकघरात गेली होती. मेथी तशीच टाकून. तिने मेथी कधी टाकली नव्हती.

मी मागून गेले. ती ओट्याशी पाठमोरी उभी होती, नळ सोडलेला, खाली भांडं नाही. मी म्हटलं, "तेव्हा तू सकाळपासून रडत होतीस. मीही रडत होते. मी मूर्ख होते." हिच्या खांद्याला हात लावू की नको, हे मला आयुष्यात पहिल्यांदा कळेना.

तिने नळ बंद केला. दाराकडे बघितलं, नात ऐकत नाही ना म्हणून. मग हळूच म्हणाली, "उल्हासनगरच्या पहिल्या नोकरीच्या मुलाखतीत मीपण सांगितलं होतं, मला मूलबाळ नाही म्हणून. ही दीड वर्षाची होती, तुझ्याकडे ठेवून गेले होते. तुला निदान उत्तर आलं नाही आई, मला दुसऱ्या दिवसापासून बोलावलं. हिला सांगू नकोस."