काचेखालचा चेक

बसवराज नेसरीकर गेल्याची बातमी दुपारी त्याच्या मुलाच्या फोनवरून आली. "काका, बाबा गेले. दवाखान्यातच," एवढं महेश म्हणाला आणि निधनवार्तेला लागणारी माहिती न विचारताच सांगत गेला... वय, मागे कोण कोण, अंत्यविधी कुठं. दुसऱ्या दिवशी आमच्या वृत्तपत्रात चार ओळी छापून आल्या. 'विद्युत उपकरणांचे जुने व्यापारी' असं त्यात होतं. त्यात चुकीचं काही नव्हतं आणि चार ओळींत त्याहून जास्त बसतही नाही. आता महिना उलटून गेला आहे. राहिलेलं लिहायला हरकत नाही.

बसवराजला सगळे बसाण्णाच म्हणायचे. त्याचं दुकान लक्ष्मीपुरी पेठेत. पंखे, मिक्सर, गिझर, इस्त्र्या. आमच्या वृत्तपत्राचं कार्यालय त्याच इमारतीच्या वरच्या मजल्यावर होतं, त्यामुळे वीसेक वर्षं संध्याकाळचा चहा त्याच्या काउंटरवर झाला. तो मूळचा गडहिंग्लजकडचा. घरात कन्नड, गिऱ्हाइकाशी मराठी आणि कंपनीच्या माणसाशी हिंदी बोलायचा, आणि तिन्ही सारख्याच मोठ्या आवाजात. नव्वदच्या दशकात पेठेतले बहुतेक दुकानदार ओळखीशिवाय कुणाचा चेक घेत नसत. बसाण्णा घ्यायचा. शेजारचा कापडवाला त्याला येता-जाता टोमणा मारायचा, "आण्णा, चेक घेतोस का लॉटरीचं तिकीट?" बसाण्णाचं उत्तर ठरलेलं होतं. "मास्तरचा पगार बँकेत होतोय. त्यानं पंखा घ्यायला रजा काढून आधी बँकेत रांगेला उभारायचं आणि मग माझ्याकडं यायचं? तवर तुझ्या मेव्हण्याच्या दुकानातनं घेऊन जातोय की!" त्यात उदारपणा काही नव्हता. पगारदार माणसाकडे महिन्याच्या मध्यावर रोख नसते आणि एटीएम तेव्हा गावात आलेलं नव्हतं, एवढा साधा हिशेब होता.

मग एका बांधकाम ठेकेदाराचा चेक परत आला. एका इमारतीतल्या सगळ्या घरांचे पंखे आणि गिझर त्यानं एकदम नेले होते. खात्यात काही नव्हतं. बसाण्णानं नोटीस दिली, वकील केला, फिर्याद दाखल केली. तिथून तारखा सुरू झाल्या. आरोपी गैरहजर, वकील आजारी, न्यायाधीशांची बदली... दुकान पत्नीवर, गिरिजाअक्कांवर सोपवून तो कोर्टाच्या आवारात बसून यायचा आणि परत आल्यावर पाणी पिऊन म्हणायचा, "पुढची तारीख." मूळ चेक कोर्टात जमा होता. त्याची झेरॉक्स बसाण्णानं काउंटरच्या काचेखाली सरकवली. तोंड गिऱ्हाइकाकडे, नाव आणि सही स्पष्ट दिसेल अशी. ही रीत त्याची नव्हती. गावात आणखी काही दुकानांत असे चेक लावलेले असत. उपयोग मात्र झाला. पुढच्या दोन-तीन बुडव्यांनी काचेखाली आपलं नाव दिसताच संध्याकाळच्या आत रोख आणून दिली. बसाण्णानं नियमच केला. परत आलेला चेक काचेखाली जाणार, मग तो कुणाचाही असो.

त्या नियमात देशमाने बाई सापडल्या. मुलींच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, एकट्या राहणाऱ्या. दिवाळीच्या गर्दीत त्यांनी एक पंखा नेला आणि चेक दिला. तो परत आला. बसाण्णानं त्याची झेरॉक्स काढली आणि बाकीच्यांच्या शेजारी लावली. आठवड्यानं बाई दुकानात आल्या, पंखा आवाज करतो म्हणून सांगायला. काउंटरवर त्यांच्या एका जुन्या विद्यार्थिनीचे वडील इस्त्री बघत उभे होते. बाईंची नजर काचेवर गेली.

"नेसरीकर, हा माझा चेक आहे."

"व्हय बाई. परत आला त्यो."

"का?"

बसाण्णानं गल्ल्यातून बँकेची चिठ्ठी काढली आणि चष्मा लावला. चेक परत येण्याची कारणं त्या चिठ्ठीवर ओळीनं छापलेली असतात आणि बँकेचा माणूस त्यातल्या एकावर खूण करतो. खूण 'सही जुळत नाही' यावर होती. बाईंचा उजवा हात वर्षभरापासून थरथरत होता. बँकेकडची नमुन्याची सही त्या नोकरीला लागल्या तेव्हाची. खात्यात पैसे होते. बाईंनी पर्समधून नोटा काढून काउंटरवर ठेवल्या, पावती मागितली आणि पंख्याची तक्रार न सांगताच पायऱ्या उतरल्या. इस्त्री बघणारे गृहस्थ इस्त्रीच बघत राहिले.

बाई गेल्याबरोबर बसाण्णानं काच उचलली आणि खालचे सगळे कागद काढले. ठेकेदाराचाही काढला. मी चहाला खाली आलो तेव्हा तो मोकळ्या काचेवर फडकं फिरवत होता. "नाव वाचलं, आकडा वाचला, शिक्का वाचला," तो म्हणाला. "कारण तेवढं वाचलं न्हाय बघ."

त्याच संध्याकाळी तो बाईंच्या घरी गेला. बाई दारात आल्या, उंबऱ्याच्या आतच उभ्या राहिल्या. पुढचं त्यानंच नंतर सांगितलं.

"बाई, चुकलं माझं."

"पैसे मिळाले ना तुम्हाला?"

"मिळालं."

"मग व्यवहार संपला." आणि दार ओढता ओढता, "फी थकलेल्या पोरींची नावं मी कधी फळ्यावर लिहिली नाहीत, नेसरीकर."

दार लागलं. काच मोकळी केल्याचं सांगायला तो गेला होता, ते राहून गेलं.

आता बसाण्णा चेक घेणं बंद करणार, असं पेठेत सगळ्यांना वाटलं. कापडवाल्यानं सल्लाही दिला, "रोख दे न्हायतर चालायला लाग म्हणायचं. कटकट मिटली." बसाण्णा म्हणाला, "चेकाची काय चूक हाय त्यात?" त्यानं चेक घेणं सुरूच ठेवलं. फरक एवढाच पडला, की चेक परत आला की तो चिठ्ठी शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचा आणि दुकान बंद झाल्यावर स्वतः त्या माणसाच्या घरी जायचा. फोन करायचा नाही. माणूस पाठवायचा नाही. घरात बसून, हळू आवाजात, "बँक असं असं म्हणतीया, तुमचं काय म्हणणं हाय?" असं विचारायचा. कुणी तारीख चुकीची घातलेली असायची, कुणाचा पगार लांबलेला असायचा, आणि कुणी सरळ बुडवलेलंही असायचं. बुडवणारे चहा पाजायचे आणि पुढच्या आठवड्यात या म्हणायचे. तो पुढच्या आठवड्यात जायचा. गुडघे दुखायला लागल्यावर गिरिजाअक्का चिडल्या, "दुकान चालवताय का टपाल वाटताय?" दरम्यान ठेकेदाराची फिर्याद तडजोडीत मिटली. हाती आलं ते वकिलाच्या फीलाही पुरलं नाही. त्या दिवशी त्यानं 'पुढची तारीख' म्हणायचं सोडून "सुटलो" म्हटलं. त्यात आनंद नव्हता.

दोन हजारनंतर गावात एटीएम आली, कार्डं आली, चेक कमी होत गेले. महेशनं दुकानात कार्डाचं यंत्र बसवलं. 'चेक स्वीकारले जाणार नाहीत' अशी पाटी करून आणली तेव्हा मात्र बसाण्णानं ती भिंतीकडे तोंड करून ठेवून दिली. भांडला नाही. त्याच्यात भांडणाची ताकद उरली नव्हती. "ज्यांच्याकडं कार्ड न्हाय त्यांनी काय करायचं?" एवढंच म्हणाला. शेवटच्या वर्षांत चहा पिताना तो मधूनच, पावसापाण्याविषयी बोलावं तशा स्वरात म्हणायचा, "देशमाने बाई अजून दुकान चढल्या न्हाईत." बाईंनी इन्व्हर्टर दुसरीकडून घेतल्याचं त्याला माहीत होतं. पुन्हा त्यांच्या दारात जायचं धाडस त्याला झालं नाही. शंभर घरांच्या पायऱ्या चढला, ते एक घर सोडून.

गेल्या आठवड्यात देशमाने बाई नेसरीकरांच्या घरी आल्या. एका हातात काठी, दुसऱ्या बाजूला भाची. मी तिथंच होतो. महेशनं पुढं केलेल्या खुर्चीत त्या बसल्या. ती बसाण्णाची खुर्ची, हे त्यांना कुणी सांगितलं नाही. काठी बाजूला टेकवून त्याच म्हणाल्या, "दुकानावरून जाणं व्हायचं माझं. काच मोकळी दिसायची. मी बोलले म्हणून त्यांनी ते कागद काढले असं मला वाटायचं. बोलून घेतल्यावर कुणीही काढतं."

"न्हाय बाई," गिरिजाअक्का म्हणाल्या. "तुमी दुकानातनं उतरला आन् त्यांनी काच उचलली. मी तिथंच हुतो की. तुमच्याकडं आलं ते मागनं, सांजचं."

"मग सांगितलं का नाही त्यांनी?"

"तुमी दार लावलंसा की, बाई."

गिरिजाअक्कांच्या आवाजात राग नव्हता. विचारलं त्याचं उत्तर दिलं, इतकंच. सुनेनं चहा आणून ठेवला होता. बाईंनी कपाला हात लावला, कप बशीवर वाजायला लागला, म्हणून त्यांनी हात काढून घेतला. गिरिजाअक्का उठल्या, चहा बशीत ओतला, खुर्चीशेजारी खाली बसल्या आणि बशी बाईंच्या ओठांशी धरली. बाई प्यायल्या.