वीस पावलांवरून

ऑरिन हाउगनला एखादं विमान किती छान उडतं याचं कौतुक नव्हतं. ते थांबतं का, एवढंच तो विचारायचा.

जमिनीवर उभं राहून रेडिओने विमानं उडवणाऱ्यांच्या आमच्या क्लबात वीस-बावीस जण, बहुतेक साठीच्या पुढचे. प्रत्येकाच्या गाडीत मागे पेट्रोलवर चालणारं, माणसापेक्षा लांब पंखांचं एखादं विमान. त्याचं इंजिन म्हणजे झाडं कापायच्या करवतीचंच. शनिवारी सकाळी आम्ही मक्याच्या शेताकडेच्या गवताळ पट्टीवर जमायचो, तेव्हा ऑरिन कागद लावलेली पाटी घेऊन आमच्या आधी उभा असायचा.

विमानाची शेपटी खुंटीला बांधायची, इंजिन सुरू करायचं, हातातला रेडिओ घेऊन वीस पावलं लांब जायचं आणि तिथून बटण दाबून इंजिन बंद करून दाखवायचं. एवढ्यावर सुटका नव्हती. इंजिन पुन्हा सुरू करायचं आणि या वेळी रेडिओच बंद करायचा. विमानाला हुकूम मिळेनासा झाला की इंजिनाने आपणहून गप्प बसलं पाहिजे. दोन्ही जमलं तरच नाव यादीत, नाहीतर विमान परत गाडीत.

मर्ल सोबोटाला याचा फार राग. "हवेत असताना रेडिओ कोण बंद करतो रे? तू करतोस?"

"मी नाही. बॅटरी करते," ऑरिन म्हणायचा. "चल, थांबवून दाखव."

अडतीस वर्षं तो गोठ्यांतली दूध काढायची यंत्रं दुरुस्त करत हिंडला. बायको बेव, दोन मुली, दोघी मिनियापोलिसला. बोलणं बेताचं. गोठ्याच्या दारात उभा राहून आमच्याशी तो फार तर हवापाण्याचं बोलायचा, आणि गायींशी जरा जास्त.

हे थांबवण्याचं वेड त्याच्या डोक्यात शिरलं ते १९९१ साली. तेव्हा इंजिन बंद करायचं बटण विमानाच्या अंगावरच असायचं, फिरत्या पात्यापासून वीतभर मागे. रे टॉलेफ्सनच्या विमानाची वेग कमी करायची तार अडकली आणि इंजिन पिसाळलं. शेपटी ऑरिनने धरली होती. रेने बटणाकडे हात नेला आणि त्याचा अंगठा गेला. रे आमच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा. त्यानंतर वाजवला नाही. त्या हिवाळ्यात ऑरिनने भंगारातल्या यंत्रांची बटणं काढली आणि रेडिओच्या हुकुमावर ती ढकलणारी एक छोटी जोडणी बनवली. अशा अकरा बनवल्या आणि तेव्हा क्लबात असलेल्या प्रत्येकाच्या घरी नेऊन दिल्या. मागितल्या कुणीच नव्हत्या. आता तयार मिळतात, नखाएवढ्या.

गेल्या वसंतात बेवने मला चर्चच्या तळघरात गाठलं. बशीतल्या लिंबाच्या वड्या माझ्याकडे सरकवत ती म्हणाली, "लायल, तो परवा मनॉमनीहून येताना रस्ता चुकला. चाळीस वर्षांचा रस्ता. काल कॉफीच न घालता दोनदा कॉफी केली."

"म्हातारे झालो गं आपण."

"ते मला सांगू नकोस. फक्त त्याची पाटी काढून घेऊ नका. तेवढीच राहिली आहे त्याच्याकडे."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

ऑगस्टमध्ये आमचा वार्षिक मेळा असतो. ऑरिन चार हिवाळे तळघरात बसून बांधलेलं पिवळं विमान या खेपेला पहिल्यांदा उडवणार होता. तपासनीसाचं विमान दुसऱ्याने तपासायचं हा त्याचाच नियम, आणि त्याने मला बोलावलं. सकाळचे साडेसहा, पट्टीवर आम्ही दोघंच.

वीस पावलांवरून मी बटण दाबलं. इंजिन बंद. त्याने पुन्हा सुरू केलं. मी रेडिओ बंद केला.

इंजिन चालूच राहिलं.

मी घाईने रेडिओ सुरू केला आणि बटण दाबलं, तेव्हा कुठे ते थांबलं. मला लगेच कळलं काय झालं ते. त्याने विमानात रेडिओचे हुकूम झेलणारा नवा रिसीव्हर बसवला होता. रिसीव्हर आणि रेडिओची पहिली जोडणी करताना बटण जसं असेल तसंच रिसीव्हर लक्षात ठेवतो, आणि हुकूम यायचे थांबले की तेच करतो. बटण बंद ठेवून जोडायचं असतं, ऑरिनने ते चालू ठेवून जोडलं होतं. याच चुकीपायी त्याने आजवर तीसेक जणांना घरी धाडलं होतं. मला दोनदा.

"मी बंद ठेवलं होतं," तो म्हणाला. मग माझ्याकडे बघून विचारलं, "ठेवलं होतं ना?"

मी त्याच्या तळघरात नव्हतो.

"दोन मिनिटांचं काम आहे," मी म्हणालो. "परत जोडू. कुणी बघितलेलं नाही."

"तू बघितलंस की."

आम्ही परत जोडलं. विमान पास झालं. तरी त्याने पाटीवर नापासांच्या रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं, सुवाच्य अक्षरात. मला त्याचा भयंकर राग आला.

साडेआठला सगळे गोळा झाले. ऑरिन पुढे आला. "आज एक विमान नापास झालं. माझं. रेडिओ बंद केला तरी इंजिन थांबेना. नंतर नीट केलं. पण मला हे आठवायला हवं होतं. हल्ली बरंच काही आठवत नाही." त्याने पाटी मर्लपुढे धरली. "घे. पंधरा वर्षं भांडलास माझ्याशी. एकेक नियम तुला पाठ आहे."

लोक हसले. मर्ल हसला नाही. त्याचे कान लाल झाले. त्याने पाटी घेतली, वाचली आणि म्हणाला, "हाउगन, विमान आण. मी बघितल्याशिवाय उडणार नाही."

"मी तपासलंय!" मी ओरडलो.

"तू तपासलंस. मी नाही."

ऑरिन इतका खूश झालेला मी क्वचितच पाहिला. मर्लने त्याच्याकडून तीनदा रेडिओ बंद करवला. तिन्ही वेळा इंजिन थांबलं. नाव यादीत चढवताना त्याने हळूच विचारलं, "आणि वर गेल्यावर काही विसरलास तर?"

"लायल शेजारी उभा राहील. बोट बटणाजवळ ठेवून."

मी उभा राहिलो. सहा मिनिटं पिवळं विमान पट्टीवरून येत-जात राहिलं, मोठी सावकाश वळणं घेत. त्याचे हात स्थिर होते. माझं बोट बटणाजवळ होतं. देवा, हे बटण मला दाबायला लावू नकोस, एवढंच मनात चालू होतं. ऑरिनने विमान अलगद उतरवलं आणि आमच्यापासून वीसेक पावलांवर आणून उभं केलं. इंजिन मंद चालू होतं.

तो काहीच करेना. नुसता बघत राहिला. पाच सेकंद, दहा सेकंद. लांबून मर्ल आमच्याकडे बघत होता. माझं बोट बटणाला टेकलं.

"ऑरिन?"

"आठवतंय मला," तो म्हणाला. "जरा ऐकू दे."

मी बोट काढून घेतलं. बऱ्याच वेळाने त्याने स्वतःच इंजिन बंद केलं.